टेस्टसाठी बडवलेलं तमिळ

भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की चहा टाकायचं निमित्त करून उठून जाणारी एक बाई प्रत्येक घोळक्यात असते ना, ती मी. या सदरातले अनुभव मी वाचते, पण करमणूक म्हणून... आणि निम्म्या वेळा मनात म्हणते, अहो, आधी घराचं वायरिंग तपासून घ्या! त्यामुळे मी हे लिहायला बसले तेव्हा सुहास, माझा नवरा, हसतच सुटला. हसू दे. माझा धंदा वेबसाईट बनवण्याचा आहे, आणि बिघाडाचं कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. या एका प्रकरणाचं कारण इतक्या वर्षांत सापडलेलं नाही, आणि ते डोक्यातून जातही नाही.

साल २००६. ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलला आम्ही भाड्याने राहत होतो. एका लांबट घराचे दोन भाग केलेले. पुढे आम्ही, मागच्या भागात राजेश्वरी आंटी, मध्ये सामायिक ड्राइव्हवे आणि कपडे वाळत घालायची सामायिक तार. जून-जुलैचे दिवस, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. कपडे वाळायचे नाहीत आणि मला नोकरी मिळायची नाही. पुण्यात मी चांगली पाच-सहा जणांची टीम सांभाळत होते, पण इथे प्रत्येक इंटरव्ह्यूत एकच प्रश्न – किवी एक्स्पीरियन्स आहे का? अरे, नोकरी दिल्याशिवाय तो कुठून आणू, पिशवीत घालून? सुहास सकाळी बस पकडून सिटीत जायचा आणि मी दिवसभर घरात धुमसत बसायचे.

आंटी श्रीलंकेच्या तमिळ, जाफनाजवळच्या एका गावच्या. तिथे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. यजमान गेलेले, मुलगा वेलिंग्टनला. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, पण मला हाक मारायच्या ती मात्र 'पिळ्ळै', म्हणजे लेकरा. एक दिवस कपडे काढता काढता त्यांनी विचारलं, "पिळ्ळै, तू वेबसाईट करतेस ना? आमच्या गावाची करून देशील?"

गावातली निम्मी माणसं युद्धापायी देशोधडीला लागलेली. टोरांटो, लंडन, पॅरिस, थोडी ऑकलंडला. त्या सगळ्यांसाठी एक साईट हवी होती, संपूर्ण तमिळमध्ये. मी लगेच हो म्हटलं. सीव्हीवर लिहायला एक तरी लोकल काम मिळालं असतं.

आता तमिळ मला ओ की ठो येत नाही. आणि तेव्हा कॉम्प्युटरवर तमिळ म्हणजे एक दिव्यच होतं. प्रत्येक साईटचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि टोप्या घातलेल्या चिन्हांची खिचडी. युनिकोड नुकतं रुळत होतं. पण त्यासाठी विंडोजची सीडी घालून तमिळचा सपोर्ट चढवा, मग कीबोर्ड निवडा, मग कुठे अक्षरं नीट जुळायची, नाहीतर काना-मात्रा टिंबांच्या गोलावर लोंबकळत राहायच्या. मी आंटींच्या आणि माझ्या, दोन्ही मशीनवर ते सगळं चढवलं. मजकूर आंटी टाइप करून द्यायच्या, मी तो पानांत बसवायचे.

सगळ्यांत महत्त्वाचं पान होतं निधनवार्तांचं. या लोकांची ही रीतच आहे. माणूस कुठेही वारला, तरी बातमी गावच्या साईटवर लागते – फोटो, जन्म कुठला, कुणाचा मुलगा, कुणाची बहीण, कोण टोरांटोत आणि कोण लंडनला. आंटी आंघोळ करून, चहाचा कप घेऊन रोज अशा दोन-तीन साईट वाचायच्या. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही, आमचे आजोबाही पेपर मागच्या पानापासूनच उघडायचे.

"माझ्या भावाचं मात्र कुठेच लागलेलं नाही," आंटी एकदा म्हणाल्या.

चंद्रन, त्यांचा धाकटा भाऊ. युद्धाच्या काळात एका दुपारी रॉकेल आणायला सायकलवर गेला तो परत आला नाही. गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. आणि त्यामुळे सगळं घोडं अडलं होतं. आंटींची आई, गावभर जिला अम्मम्मा म्हणजे आजी म्हणत ती, ऐंशीच्या घरातली, गावात एकटी राहत होती. आंटींनी धडपडून तिचा न्यूझीलंडचा व्हिसा काढला होता. तिकडे युद्धबंदी मोडत आली होती, जाफनाहून बाहेर पडायचा रस्ता कधीही बंद होईल असं जो तो म्हणत होता. आणि अम्मम्मा जागची हलायला तयार नाही! तिचं एकच म्हणणं – चंद्रन आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर पोराने जायचं कुठे?

"रस्ता बंद झाला की संपलं," आंटी म्हणायच्या. "मग ती तिकडे आणि मी इकडे. मी फक्त साईटवर तिच्या फोटोची वाट बघायची."

त्या दिवसांत आंटी एका जागी बसायच्या नाहीत. ड्राइव्हवेवर येरझाऱ्या. डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनकार्ड आणायचं, गावात शेजाऱ्यांकडे फोन लावायचा, आईला बोलावून घ्यायचं, रडायचं, भांडायचं आणि पुन्हा येरझाऱ्या. त्यांची ती घालमेल भिंतीपलीकडून मलाही लागली होती.

निधनवार्तेच्या पानाची मी चाचणी घेत होते. मोठा मजकूर आला तर चौकटीबाहेर सांडतो का, अक्षरांची डोकी कापली जातात का, हे बघायचं असतं. त्यासाठी आम्ही लोक काय करतो? तर कीबोर्ड बडवतो. काहीतरी अगम्य खरडायचं आणि पान भरायचं. मी तमिळ कीबोर्ड लावला आणि दोन्ही हातांनी, खिडकीबाहेरच्या भिजलेल्या टॉवेलांकडे बघत, मनसोक्त बडवलं. पान भरलं, चौकट नीट दिसली. मग मी सगळं फोल्डर एकदम अपलोड केलं आणि ते टेस्टचं पानही त्याबरोबर गेलं. या धंद्यात हा प्रकार प्रत्येकाकडून कधी ना कधी होतोच. साईट सुरू झाली आणि पहिल्याच पानावर, ताज्या निधनवार्तांत, माझा तो कचरा झळकला. फोटोच्या जागी रिकामा चौकोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारेवर चादर टाकत होते. आंटी मागच्या दाराने आल्या. पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, एवढ्या थंडीत स्वेटर नाही.

"पिळ्ळै, ते पान कोणी लिहिलं?"

मी जीभ चावली. "सॉरी आंटी! टेस्टचं राहून गेलं. आत्ता काढते."

"काढू नकोस. कोणी लिहिलं ते सांग. टोरांटोहून आमच्या गावच्या कुमारनचा फोन आला होता, ही कसली चेष्टा म्हणून ओरडत होता."

"कोणी नाही हो. मीच बडवलंय. कचरा आहे तो."

"वरचा कचरा आहे. खालचाही कचरा आहे," आंटी म्हणाल्या. "मधला नाही."

त्यांच्या घरात गेलो. पडद्यावरच्या ओळींवर बोट ठेवत त्यांनी मला वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. आधी निरर्थक अक्षरं, नंतर निरर्थक अक्षरं, आणि मध्ये सरळ, त्यांच्या गावच्या बोलीतली वाक्यं –

'अम्मा, मी येईन म्हणून बसून राहू नकोस. मिठात ठेवलेली किल्ली गंजली. दार ओढून घे आणि अक्काकडे जा.'

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला. माझ्या साईटमध्ये कोणीतरी घुसलंय! तडक घरी येऊन सगळं तपासलं. ते पान सर्व्हरवर एकदाच गेलं होतं, माझ्याच मशीनवरून. माझ्या मशीनवरच्या मूळ फाईलमध्येही तेच, अक्षरन् अक्षर. आंटींच्या मजकुरातून चुकून काही चिकटलं का, तेही पाहिलं. असलं काही त्यांनी कधी दिलेलंच नव्हतं. मग आंटींचाच संशय आला. पण माझ्या मशीनला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता आणि त्याचा पासवर्ड सुहासलासुद्धा माहीत नव्हता.

संध्याकाळी सुहासने तर्क लढवले. "योगायोग गं. इतकी अक्षरं बडवलीस, त्यात दोन-चार शब्द जुळणारच."

"तीन वाक्यं? ओळीने?"

"मग आता लोट्टोचे नंबरही बडव की! जमलं तर स्वीट ॲज, एकदम झकास!"

मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कीबोर्ड बडवून पाहिला. तीच खुर्ची, तीच खिडकी. पानंच्या पानं बडवली. आंटी शेजारी बसून वाचत होत्या आणि मान हलवत होत्या. काही नाही. नुसता पाला.

आता खरा प्रश्न होता, अम्मम्माला सांगायचं का. मी जीव तोडून नको म्हटलं. "आंटी, हे काय आहे ते मलाच कळत नाहीये. यावर विसंबून एका आईला तुम्ही काय सांगणार?"

"हेच की तिचा मुलगा येणार नाही," आंटी म्हणाल्या. "खोटं असेल तर मला देव क्षमा करणार नाही. खरं असेल आणि मी सांगितलं नाही, तरीही नाही. आणि रस्ता तर बंद होणारच आहे. तूच सांग, पिळ्ळै, मी काय करू?"

मी विषय किल्लीवर नेला. "ते किल्लीचं काय आहे?" एवढंच विचारलं.

"मला माहीत नाही. त्या घरात किल्ली कायम खिळ्याला असते."

त्यांनी फोन लावला तेव्हा मी समोर बसले होते. स्पीकर चालू होता. तिकडे शेजाऱ्यांची कोंबडी ओरडत होती. आंटींनी कागद न घेता, पाठ झालेली ती तीन वाक्यं म्हटली. मग म्हातारा, चिरका आवाज आला आणि फोन टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं.

"काय म्हणाली?"

"किल्लीचं तुला कोणी सांगितलं, म्हणाली. थांब म्हणाली, बघून येते."

आम्ही थांबलो. कार्डावरची मिनिटं जात होती, आंटी माझा हात धरून बसल्या होत्या आणि मला तो सोडवून घेऊन पळून जावंसं वाटत होतं. शेवटी अम्मम्मा परत आली. ती बोलली आणि आंटी हुंदके देत मला सांगत गेल्या. चंद्रन गेला त्या आठवड्यात अम्मम्माने मागच्या दाराची दुसरी किल्ली मिठाच्या मडक्यात पुरून, मडकं पडवीत ठेवलं होतं. लहानपणी तो तिथे चिंचा लपवायचा, म्हणजे त्याला बरोबर सापडली असती. कोणालाही सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. आणि त्यानंतर तिने ते मडकं उकरून कधी पाहिलंही नव्हतं. आत्ता पाहिलं. किल्ली गंजून तिचे दात गळून पडले होते.

"तो आला असता तरी त्याला दार उघडता आलं नसतं," अम्मम्मा म्हणाली. मग म्हणाली, तिकीट काढ.

रस्ता बंद व्हायच्या थोडं आधी ती कोलंबोला पोचली आणि तिथून ऑकलंडला. ती सुखरूप आली याचा मला मनापासून आनंद झाला. पण ती आपल्याला काय विचारेल या धास्तीने मी दोन दिवस मागे फिरकलेच नाही. शनिवारी सकाळी आंटीच बोलवायला आल्या.

अम्मम्मा हीटरपाशी ब्लँकेट गुंडाळून बसली होती. एवढीशी. तिने माझे दोन्ही हात पुढे ओढले, तळवे नाकाशी नेले आणि वास घेतला, तान्ह्या बाळाचा घेतात तसा. मग आंटींकडे बघून काहीतरी म्हणाली. आंटी सांगेनात. मी पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "विचारतेय, तो जेवतो का वेळेवर."

मी म्हटलं, आंटी, सांगा त्यांना, मला नाही हो काही कळत, मी फक्त बडवते. त्यांनी सांगितलं असावं. पण अम्मम्माने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

बसले. तमिळ कीबोर्ड लावला आणि बडवायला लागले. मनात म्हणत होते, जे कोण असाल ते, एक शब्द द्या, एकच. आंटींनी पडद्यावर नजर टाकली आणि मान हलवली. कचरा. पण अम्मम्मा चष्मा लावून पुढे सरकली आणि तो कचरा मोठ्याने वाचायला लागली. अर्थ नसलेली अक्षरं एकामागून एक, अगदी सावकाश, लाडाच्या सुरात. आणि वाचता वाचता हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हसतच होती.

"म्हणते," आंटी कशाबशा म्हणाल्या, "बोलायला शिकायच्या आधी तो असंच बोलायचा." आणि त्या उठून बाहेर तारेपाशी गेल्या.

ती तीन वाक्यं माझ्या हातून कशी उमटली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज हे लिहितानाही कळत नाही. मी सगळं तपासलंय. कारण मिळालेलं नाही, मिळेल असं वाटतही नाही. त्या सकाळी मनगटं भरून आली तरी मी बडवत राहिले. सुहास दोनदा हाक मारून गेला, मी उठले नाही. अम्मम्मा माझ्या खांद्याला खांदा लावून वाचत होती, आणि मी थांबले असते तर तो गप्प झाला असता.