मावशींचा डिसेंबर

वर्षाला बारा महिने असतात, ही सोय बाकीच्या जगासाठी. माझ्या मावससासूबाईंचं वर्ष एकाच महिन्याचं होतं, आणि तो महिना त्या जबलपूरला, कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी साजरा करीत. एक डिसेंबरला कुंडमच्या बसमधून उतरत आणि एकतीसला त्याच बसनं परत जात. कुंडम काही विलायत नव्हे; खड्डे धरून दोन-अडीच तासांचा रस्ता. पण मावसाजी जंगलखात्यात. त्यांना दुसऱ्याच्या हातचं जेवण चालत नसे आणि घर सोडून गेलेली बायकोही चालत नसे. लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर मावशींनी त्यांच्याशी तह केला: अकरा महिने तुमचे, एक माझा. त्या महिन्यात मावसाजी स्वतःच्या हातची खिचडी खात आणि मावशी वर्षभराचं वाचन, विणकाम, खाणं नि हिंडणं एकतीस दिवसांत उरकून घेत. सुखसुद्धा उरकायचं असतं, हे ज्ञान मला त्यांच्यामुळे झालं.

ट्रंक उघडली की सगळ्यात वर यादी. एकीकडे पुस्तकं, दुसरीकडे पदार्थ, खाली कुठल्या रविवारी कुठं जायचं ते. आम्हांला विचारण्याची पद्धत नव्हती. डिसेंबरभर आम्ही आमच्याच घरी पाहुणे असल्यासारखे वागत असू. माझ्या नवऱ्यानं एकदा "मावशी, या रविवारी मला जरा ऑफिसचं काम आहे," असं म्हणून पाहिलं.

"अच्छा? मग शनिवारी कर ना ते," मावशी म्हणाल्या. "तुझ्यापाशी वर्षाचे बावन्न रविवार पडले आहेत. माझे चारच आहेत, त्यातला एक कशाला खाऊन राहिला?"

त्या रविवारी आम्ही नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो.

वाचनाचं तर विचारूच नका. राज्यं नव्यानं आखली, नागपूर तिकडे गेलं नि आम्ही इकडे राहिलो, तेव्हापासून मराठी पुस्तक आमच्या गावी यायचं म्हणजे वशिल्यानंच. मराठी मंडळाच्या वाचनालयात सगळी मिळून दीड कपाट पुस्तकं. त्या दीड कपाटावर मावशी तुटून पडत. वाचायला डोळे लागतात, हात मोकळे राहतात, म्हणून त्या वाचता वाचता स्वेटर विणत. गच्चीवर उन्हात चटई टाकायची, पुस्तक पुढ्यात, पानावर लोकरीचा गुंडा. आता मजा अशी, की कथानकाप्रमाणे टाके पडत. नायक-नायिका बागेत फिरत असली की वीण सैल, कोणी मेलं की घट्ट. माझ्या नवऱ्याच्या राखी स्वेटराची डावी बाही इतकी आवळ झाली, की ती घातल्यावर त्याला सायकलची घंटी वाजवता येईना. तक्रार केली तर मावशी म्हणाल्या, "त्या बाहीत चार प्रकरणं रडली मी. घट्ट होणार नाही तर काय!" उजवी बाही सुखान्त होती, तीत त्याचे दोन हात मावले असते.

स्वयंपाकालाही पुस्तक हातात असेच. कादंबरीतल्या माणसांनी जे खाल्लं, ते त्या दिवशी आमच्याकडे झालंच पाहिजे. नायकाला कोकणात कोणीतरी ओल्या नारळाच्या करंज्या वाढल्या, म्हणून आम्ही देवळापुढच्या दुकानांतून सात नारळ हलवून हलवून पाहिले. पाटवडीचा रस्सा त्यांच्यासारखा मी कुठं खाल्ला नाही, फक्त प्रकरण लांबलं की तो खाली लागे. वाचनालयाचे म्हातारे ग्रंथपाल पुस्तक परत घेताना पानं चाळत आणि मला म्हणत, "इथपर्यंत हळद आहे, पुढे नाही. बाई इथून पुढे स्वयंपाक विसरल्या वाटतं." खरंच त्या दिवशी आम्ही दूध-पोहे खाल्लेले असत.

आणि सहली! भेडाघाटला धुवांधार बघायला लोक कुठून कुठून येतात. मावशी त्या धबधब्याकडे पाठ करून बसल्या, कारण समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. मी म्हटलं, "अहो मावशी, बघा तरी!" तर म्हणतात, "ऐकू येऊन राहिला ना? मग झालं. एवढं पान होऊ दे."

आम्ही हसायचो. हावरेपणाच म्हणायचो आपसांत. तांब्याभर पाणी एका घोटात पिणाऱ्या माणसाकडे बघावं, तसे बघायचो. आता लाज वाटते, पण तेव्हा हसायचो हे खरं.

एका वर्षी मावशींच्या हाती दोन भागांची एक जाडजूड कादंबरी लागली. सासरच्यांनी हाकलून दिलेली एक बाई तान्ही मुलगी घेऊन माहेरी निघते, अशी काहीतरी गोष्ट. पहिला भाग चार दिवसांत संपला. दुसरा गावातच, चेरीताल भागातल्या एका बाईंकडे गेलेला. मावशींनी माझ्या नवऱ्याला तिथं तीनदा धाडलं. चौथ्यांदा स्वतः करंज्यांचा डबा घेऊन गेल्या. त्या बाईंनी करंज्या ठेवून घेतल्या आणि पुस्तकही ठेवून घेतलं. ते मिळालं एकोणतीस तारखेला. त्या दिवसापासून मावशींनी लोकर उचलली नाही, यादी पाहिली नाही, शेवटचा रविवारही सोडून दिला. तरी एकतीसला बसच्या वेळी चाळीस पानं राहिलीच.

"दोन दिवस राहा की," मी म्हटलं.

"नाही वं. शब्द दिला आहे त्यांना."

पुस्तक गावाबाहेर न्यायचं नाही, असा वाचनालयाचा नियम. मी म्हटलं, "मी वाचते आणि शेवट तुम्हांला कार्डावर कळवते." मावशींनी माझा हात धरला. "नक्की लिहिशील ना? ती नदीच्या घाटावर नावेची वाट बघत बसली आहे. पुढं काय झालं तेवढंच लिही." चष्म्याआड त्यांचे डोळे भरून आले होते. कादंबरीसाठी रडायचं वय आहे का हे, असं माझ्या मनात आलं. पुस्तक मी दुसऱ्या दिवशी न वाचताच परत केलं. आज वाचू, उद्या आणू म्हणता म्हणता कार्ड राहून गेलं.

मार्चात नवऱ्याला कुंडमला काम निघालं, म्हणून मीही गेले. पोचलो तेव्हा टळटळीत दुपार. मावशींच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली दहा-बारा बायका बसलेल्या. पोस्टमनची बायको, जंगलनाक्यावरच्या नाकेदाराची आई, पाड्यावरच्या गोंड बाया, कोणी महुआची फुलं निवडतेय, कोणी पोराला पाजतेय. मला बघताच मावशी उठल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "लो, आ गई मेरी बहू. इसने पूरी किताब पढ़ी है."

तेव्हा मला सगळं कळलं. दर डिसेंबरात वाचलेली आठ पुस्तकं मावशी अकरा महिने रोज दुपारी तिथं हिंदीतून सांगत. एकतीस दिवसांत भरून न्यायचं आणि वर्षभर पुरवायचं. त्या अंगणातल्या कोणाला अक्षर येत नव्हतं आणि मावशींशी मराठी बोलणारं कुंडमात दुसरं कोणी नव्हतं. घाटावर बसलेली ती बाई महिनाभर तिथंच अडकून होती. "आपल्या मनानं शेवट कसा सांगू?" मावशी मला हळूच म्हणाल्या. "ह्यांचा विश्वास आहे गं माझ्यावर. तुझं कार्ड येईल म्हणून रोज टाळून राहिली मी."

एक म्हातारी गोंडीण पुढं सरकली. "दीदी, वो नाव आई कि नहीं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांचे हात थांबले होते. मी म्हटलं, "आई. पहुँच गई वो अपनी माँ के घर. बच्ची भी." बायकांनी एकदम श्वास सोडला, म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि मावशी मात्र माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

जबलपूरला येताच मी ती चाळीस पानं वाचली. नाव येते, पण त्यात ती चढत नाही. पुढचं मी लिहीत नाही. लेखकानं दया दाखवली नव्हती.

पुढच्या डिसेंबरात मावशी आल्या त्या यादीशिवाय. पहिल्याच दिवशी वाचनालयातून तो दुसरा भाग आणला आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून वाचायला घेतला. मी कणीक मळत होते. माझी मान वर होईना. शेवटचं पान उलटल्यावर मावशींनी पुस्तक मिटलं, चष्मा काढून पुसला.

"मावशी," मी म्हटलं, "चुकलं माझं. मी खोटं सांगितलं. तुम्ही आता खरं काय ते सांगा त्यांना."

"आता कसं सांगू वं?" मावशी म्हणाल्या. "तिकडे गोष्टीतली ती तान्ही मोठी झाली, तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. नाकेदाराची आई म्हणते, मुलगा कुंडमचाच पाहा."