लवू परबांची डावी बाजू

माझगावातल्या एका शाळेमागच्या गल्लीत, चर्चच्या भिंतीला लागून, पिवळ्या बसगाड्या ओळीने उभ्या राहत. सकाळची शाळा सुटायला तासभर असला की ड्रायव्हर मंडळी चहाच्या बाकड्याभोवती जमत. गेलं वर्षभर तिथे एकच वाद रंगत होता: आजवरचा सगळ्यात मोठा रेसिंग ड्रायव्हर कोण?

वाद लावून दिला होता हितेंद्रने. पस्तिशीचा हा गडी दर रविवारी मोबाइलवर रेस बघायचा आणि सोमवारी सगळ्यांना सांगायचा. त्याचा माणूस हॅमिल्टन. "सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन. विषय संपला."

"सात तर शूमाकरचे पण आहेत," लवू परब म्हणायचे. "आणि पावसात त्याच्यासारखी गाडी कोणी मारली?"

कुशाबा साताऱ्याकडचे, सगळ्यांत जुने. त्यांना दोघेही मान्य नव्हते. "सगळे एकाच दिशेनं जाणार. समोरून हातगाडी नाय, मधी म्हातारी नाय, खड्डा तर नायच नाय. त्यात कसला आलाय मोठेपणा? आण तुझ्या हॅमिल्टनला, आन् संध्याकाळी लालबागच्या पुलाखालनं चाळीस पोरं घेऊन काढ म्हणावं गाडी."

यावर हशा पिकायचा. लवू परबही हसायचे. पण गेले चार महिने ते वादात बोलेनासे झाले होते. कोपऱ्यात बसून चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

लवू परब सत्तावन्न वर्षांचे. वडील डिलाईल रोडवरच्या गिरणीत मागावर साचेवाले. गिरणी गेली, तरी चाळीतली खोली राहिली. लवूंनी आधी टेम्पो चालवला, मग बावीस वर्षं राजेशशेठची शाळेची बस. बावीस वर्षांत बसला साधा ओरखडा नाही, याचा त्यांना अभिमान होता. आईबाप नव्या ड्रायव्हरला बिचकायचे, पण "परबकाका आहेत ना" म्हटलं की निश्चिंत व्हायचे.

ओरखडा पहिल्यांदा आला तो जूनमध्ये. शाळेच्या फाटकाच्या डाव्या खांबाला आरसा घासला. खांब बावीस वर्षं तिथेच होता. मग एकदा डावीकडून एक स्कूटर अशी अचानक समोर आली, जणू रस्त्यातूनच उगवली. मग घरात पाण्याचा तांब्या लवंडला, दाराच्या चौकटीला खांदा आपटला. बायको ललिता म्हणाली, "अहो, लक्ष कुठं असतं हल्ली तुमचं?"

एका दुपारी ते गॅलरीत एकटेच उभे राहिले. उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डावा हात बाजूने हळूहळू पुढे आणला. हात दिसेना. आणखी पुढे आणला. जवळजवळ नाकासमोर आल्यावर बोटं दिसली. लवूंनी हात झटकन खाली घेतला.

कारण त्यांना हे ठाऊक होतं. त्यांची आई रमाबाई हिची नजर गावी, मालवणजवळ, अशीच गेली होती. शेवटची आठ वर्षं ती कोणाच्या तरी हाताला धरून विहिरीवर जायची. सुरुवातीला म्हणायची, "माका समोरचा दिसता रे झिला, पण बाजूचा सगळा कोण चोरून नेता?" कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. नेलं तेव्हा काचबिंदू एवढंच कळलं, आणि उशीर झाला एवढंच.

लवूंनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. चाळीच्या हॉलमध्ये डोळ्यांचं मोफत शिबिर लागलं, तेव्हा त्यांनी त्या दिवशी चालायला जाण्याचं निमित्त केलं. वर्षाच्या फिटनेसच्या तपासणीत समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी खडाखडा वाचून दाखवली. समोरचं त्यांना स्वच्छ दिसत होतं. मग ते मान वळवून गाडी चालवू लागले. दर दोन मिनिटांनी डावीकडे मान, उजवीकडे मान. घरी आल्यावर मानेच्या शिरा ठणकायच्या, आणि रात्री झोपेत पाय ब्रेक दाबल्यासारखा ताठ व्हायचा.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी हितेंद्र बाकड्यावर नवीच गोष्ट घेऊन आला. "काल व्हिडिओ बघितला. आपण सगळे चुकलो. सगळ्यात मोठा तो फॅन्जिओ. अर्जेंटिनाचा. पाच वेळा चॅम्पियन, आणि ते पण त्या जमान्यात, पट्टा नाही, काही नाही."

"हा कोण आणखी?" कुशाबा म्हणाले.

"ऐका तर. एकोणीसशे पन्नास, मोनॅको. हा पहिल्या नंबरावर. वळणाच्या पलीकडे मागच्या गाड्यांचा ढीग झालाय, एकमेकांवर आदळून. याला दिसत नाही, वळण आहे ना. पण हा तिथं यायच्या आधीच ब्रेक मारतो आणि वाचतो. कसा?"

"कोणी झेंडा दाखवला असेल."

"नाही. बाजूला प्रेक्षक बसलेले. एरवी त्यांचे चेहरे याच्याकडे असायचे, म्हणजे गोरे गोरे ठिपके. त्या वेळी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला तिकडं रंग गडद दिसला. सगळे दुसरीकडं बघतायत, डोक्यांच्या मागच्या बाजू दिसतायत. पहिल्या नंबरच्या गाडीकडं कोणी बघत नाही म्हणजे पुढं काहीतरी भयंकर आहे. कोपऱ्यातून बघितलं, बास! असा ड्रायव्हर. सगळा खेळ डोळ्याच्या कोपऱ्याचा असतो, लवूदादा. बरोबर ना?"

सगळ्यांनी लवूंकडे पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले.

त्याच दिवशी ते घडलं.

बस डिलाईल रोडच्या थांब्यावर आली. मनवा नावाची दुसरीतली मुलगी तिथे उतरायची. तिची आई नम्रता दारासमोरच्या फुटपाथवर रोजच्यासारखी उभी होती. बसमधल्या मदतनीस शेवंतीताईंनी मनवाला उतरवलं, दार ओढलं आणि "चला काका" म्हणाल्या. लवूंनी डावीकडे मान वळवली. आरसा पाहिला. मोकळं होतं. मान सरळ केली आणि क्लच सोडला.

"काका! थांबा! थांबा!"

शेवंतीताईंचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ब्रेकवर पाय पडला. बस गचकली, पाठीमागे मुलांची दप्तरं घरंगळली. समोर, बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी, मनवा वाकलेली होती. हातातून निसटलेली पाण्याची बाटली उचलायला ती पुन्हा मागे फिरली होती. तिच्या वेणीची रिबीन बंपरला टेकली होती. पोरगी उभी राहिली, बाटली दाखवली आणि हसली.

नम्रता धावत आली. मुलीला छातीशी घट्ट धरलं. मग खिडकीशी येऊन हात जोडले. "काका, तुमचे उपकार... तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर आज..."

लवूंनी मान हलवली. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले. मनवाला त्यांनी पाहिलंच नव्हतं. ब्रेक मारल्यानंतरही क्षणभर त्यांना फक्त रिकामा रस्ता दिसत होता. आणि लोक त्यांना हात जोडत होते.

उरलेली सगळी मुलं त्यांनी चालण्याच्या गतीने सोडली. मागून हॉर्न वाजत राहिले. शेवटचं पोर उतरल्यावर शेवंतीताई पुढे येऊन म्हणाल्या, "काका, तुम्हाला ती दिसली नव्हती ना?"

लवूंनी समोरच्या काचेकडे नजर फिरवली.

"जूनपासून बघतेय मी. मान किती फिरवता. मी बोलले नाही, माझं पण चुकलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "उद्या मी या बसमध्ये बसणार नाही काका. तुम्ही चालवणार असाल तर."

गाडी लावून लवू सरळ हितेंद्रच्या घरी लोअर परळला गेले. तो नुकताच जेवून हात धूत होता. "दादा, तुम्ही? बसा ना."

"त्या तुझ्या फॅन्जिओने गाडी कधी सोडली रे?"

हितेंद्र गोंधळला. "अठ्ठावन्न साली. फ्रान्सची रेस संपली, उतरला, आणि म्हणाला संपलं. पुन्हा बसला नाही."

"कोणी सांगितलं म्हणून?"

"छे, स्वतःच. का हो?"

"त्याला बरं होतं," लवू म्हणाले. "त्याला दिसत होतं." आणि मग त्या परक्या घरात, हितेंद्रच्या बायकोने पुढे केलेल्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. हितेंद्र ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "चावी माझ्याकडे द्या दादा. राजेशशेठला आपण दोघं जाऊन सांगू."

ललिताला कळलं तेव्हा ती आधी चिडली आणि मग नुसतीच त्यांच्या शेजारी बसून राहिली. सोमवारी ती त्यांना परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिथे एका काळोख्या खोलीत त्यांना पांढऱ्या घुमटासारख्या मशीनपुढे हनुवटी टेकवून बसवलं. एक डोळा झाकला, हातात बटण दिलं. "मधल्या दिव्याकडेच बघायचं, आजोबा. बाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं," मुलगी म्हणाली.

ठिपका चमकला, लवूंनी बटण दाबलं. पुन्हा चमकला, पुन्हा दाबलं. मग काही दिसेना. ते वाट पाहत राहिले. मशीन मात्र आत टिक टिक करत होतं. प्रत्येक टिकटिकीला कुठेतरी एक दिवा लागून विझत होता, हे त्यांच्या लक्षात आलं. दिवे लागत होते, विझत होते, आणि ते बटणावर अंगठा ठेवून अंधारात बसले होते. न दिसताच दाबावं का, असं एकदा मनात आलं. मग बंपरशी टेकलेली ती रिबीन आठवली, आणि त्यांनी अंगठा उचलून धरला.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात मध्ये बोटभर पांढरं, बाकी काळं. उजव्यातही कडेने काळं सरकू लागलं होतं. "गेलंय ते परत येणार नाही. थेंब नियमित घातलेत तर आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गाडी बंद. आजपासून. आणि तुमच्या मुलांचीही तपासणी करून घ्या, हे घराण्यात असतं."

त्यांना एकच मुलगा, वरद, तीस वर्षांचा. त्या वाक्यानंतर लवूंना स्वतःची भीती जराशी लहान वाटू लागली, आणि दुसरी, मोठी, येऊन बसली. वरदची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. सध्या काही नाही, दर वर्षी दाखवत राहा, असं सांगितलं. 'सध्या' हा शब्द लवूंनी डॉक्टरीणबाईंकडून दोनदा म्हणवून घेतला.

एक काम राहिलं होतं. ललिता नको म्हणत होती. "त्या पोरीच्या आईला काही कळलं नाही, कुणाला काही झालं नाही. कशाला ओढवून घ्यायचं?" पण लवूंना नम्रताचे ते जोडलेले हात चैन पडू देत नव्हते. एका रविवारी सकाळी ते तिच्या चाळीत तीन जिने चढून गेले. नम्रताने हसून दार उघडलं, "या ना काका" म्हणाली. आत मनवा जमिनीवर चित्र रंगवत होती.

"ताई, तुम्ही माझे आभार मानलेत," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "त्या दिवशी मला मनवा दिसलीच नव्हती. शेवंतीताई ओरडल्या म्हणून पाय पडला. माझ्या डोळ्यांना काचबिंदू आहे. जूनपासून मला शंका होती. तरी मी चालवत होतो."

नम्रताच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "जूनपासून?" तिने विचारलं. "पाच महिने?"

"हो."

तिने मागे वळून मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही आता जा काका. मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही." दार तिने आपटलं नाही, सावकाश लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

लवू जिन्याशी आले. दिवसासुद्धा तिथे अंधार होता आणि पायऱ्यांची डावी कड त्यांना दिसत नव्हती. एरवी ते तसेच अंदाजाने उतरले असते. आज ते थांबले. खालून येणाऱ्या एका अनोळखी बाईंना म्हणाले, "बाई, जरा हात देता का? मला दिसत नाही."

हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते. बाईंनी हात पुढे केला. तो धरून, एकेक पायरी पावलाने चाचपत लवू परब खाली उतरू लागले.