चाकूवर घातलेलं नाव

भांड्यांच्या दुकानात मी नव्या डब्यावर नाव घालून घेत होते. शेजारी सुट्टीवर आलेला एक जवान नुकताच घेतलेला चाकू हातात धरून उभा होता. मला आपलं वाटायचं, सैनिकाला सगळं सरकारच देतं.

"तिकडे चाकू मिळत नाही का?" दुकानदारकाकांनी विचारलं.

"मिळतो की. पण त्यावर नंबर असतो, आणि तो परत जमा करावा लागतो. हा माझा स्वतःचा."

काकांनी पात्यावर त्याचं नाव कोरलं. लग्नकार्याला शेजारी दिलेलं भांडं चुकू नये, आपल्याच घरी परत यावं, म्हणून आपण नाव घालतो.

जवानाने चाकू निरखला आणि हळूच म्हणाला, "काका, खाली गावाचंही नाव घाला."