आजी गेली

मुलगी व्हँकूवरला शिकायला गेली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "किती लांब गं?" मी म्हटलं, "दिल्लीहून चौदा-पंधरा तास. जेवायचं, झोपायचं, उठलं की आलंच." अकरा हजार किलोमीटर मला तेव्हा एवढेच वाटायचे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे चंडीगडला असताना न्यूमोनियानं आजारी पडल्या. सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलात आठवडाभर होत्या. बऱ्या झाल्या आणि सांगलीला परत जायचं म्हणून हटूनच बसल्या. नवरा पोचवायला निघाला. सकाळी दोघांना पुण्याच्या विमानात बसवलं आणि डेराबस्सीला कामावर जाताना मुलीला मेसेज टाकला : "आजी गेली आज सकाळी. काही त्रास झाला नाही. शेवटपर्यंत बडबड चालू होती. आता घर खायला उठलंय."

मी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. आत फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये राहतो. जेवणाच्या सुट्टीत काढला तर मुलीचे एकामागून एक मिस्ड कॉल, आणि शेवटी तिच्या नेहमीच्या हिंदीत मेसेज : "मम्मा, बोर्डिंग हो गई. मेरे आने तक रुकना. प्लीज, उन्हें ले मत जाना."

कुणाला ले मत जाना? मी माझाच मेसेज पुन्हा वाचला. पहिलेच दोन शब्द : आजी गेली.

फोन लावला, बंद. लिहिलं, "अगं, आजी ठणठणीत आहे." एकच टिक. विमान सुटलं होतं. नवऱ्याचा फोनही बंद, उतरल्यावर चालू करायचं नेहमीसारखं विसरला होता. सासूबाईंचा मात्र चालू होता. त्यावर मुलीनं अर्थातच केला नव्हता. मेलेल्या माणसाला कोण फोन करतं?

सासूबाई साताऱ्याजवळ चहा पीत होत्या. सगळं ऐकून आधी खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "तुला लाखदा सांगितलं, गेली म्हणू नये. निघाली म्हणावं." मी त्याला कायम खुळचटपणा म्हणत आले होते. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "पोर विमानात रडत असेल गं. कोण आहे तिच्याजवळ?"

कोणी नव्हतं. लॅबमध्ये परत जाऊन मी नमुने तपासले, पण एकही आकडा डोक्यात शिरेना. घरी येऊन फोनवर विमानाचा नकाशा उघडला. ते इवलंसं चिन्ह हलतच नव्हतं. माझी मुलगी त्यात बसून एका जिवंत बाईसाठी रडत होती आणि ते तिला सांगायची जगात कुठलीच सोय नव्हती. जेवायचं, झोपायचं, उठलं की आलंच! माझं मलाच ते वाक्य ऐकवेना.

दिल्लीला उतरल्यावर तिचा फोन आला.

"आजी सच में ठीक है?"

"ठीक आहे. कालच घरी पोचली."

"मम्मा, 'निघाली' लिखते हैं! मुझे आजी ने सिखाया, आपको नहीं?"

चिडलेली असेल तर चिडू दे, घरी आली की बघू, असा विचार करत होते. फ्रिजमध्ये श्रीखंडसुद्धा करून ठेवलं होतं.

"मैं यहीं से पुणे जा रही हूँ. आजी को देखना है."

"आणि चंडीगड?"

"येते," ती म्हणाली. मराठीत.