पाच नंबरचा तुकडा

कामरगावच्या पोस्टात दीड-दोन महिन्यांनी गुजरातहून एक पार्सल यायचं. आकाराने साबणाच्या डब्याएवढं, पण उचलताना हात खाली जायचा. आत छर्रे आहेत का, असं पोस्टमनने एकदा विचारलं होतं. पार्सल देवमनच्या नावाचं असे. त्याच्या नावावर गावात दुसरं काही येत नव्हतं. विजेचं बिलसुद्धा अजून वडिलांच्याच नावाने येतं.

डब्यात टंगस्टनचे सहा तुकडे असत. टंगस्टन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेतला धातू. दोन सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, अर्धा सेंटिमीटर जाड असा एक तुकडा. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. देवमनने ते आरशासारखे घासायचे आणि परत पाठवायचे. प्रयोगशाळेत त्यांच्यावर प्लाझ्माचा झोत सोडला जाई आणि धातूचं काय होतं ते बघितलं जाई.

हे कशासाठी, याचं उत्तर देवमन गावात एका वाक्यात देतो. सूर्यात जे होतं ते एखाद्या भट्टीत करायचं तर त्या भट्टीची आतली भिंत कशाची बांधायची, ते ठरायचं आहे. आतला वायू इतका तापतो की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून प्लाझ्मा होतो. चुंबकाने तो मधोमध धरून ठेवला तरी काही भाग भिंतीवर आदळतोच. जगभरात सध्या सगळ्यात जास्त भरवसा टंगस्टनवर आहे, पण तोही टिकतोच असं नाही. हे ऐकून भांड्यांचे दुकानदार इंदरचंद शेठ म्हणाले होते, "सूर्य त आपल्या इथं उन्हाळाभर फुकट हाय. कोंडता कायले त्याले?"

देवमन आता एकसष्ट वर्षांचा आहे. घासण्याचं काम तो शिकला ते याच इंदरचंद शेठच्या दुकानात. दुकानातून लग्नाच्या पंगतीला भांडी भाड्याने जात. चुलीवर चढलेली पातेली आणि गंगाळं परत येत ती बुडापासून काठापर्यंत काळी होऊन. शेठचं घर जैन. उष्टं, ओलं भांडं तसंच पडलं तर त्यात जीव धरतात, म्हणून ते दिवस मावळायच्या आत घासलं गेलं पाहिजे, असा धापूबाईंचा, म्हणजे शेठच्या बायकोचा, दंडक. उष्ट्या भांड्यांचा हा नियम हळूहळू दुकानातल्या सगळ्याच भांड्यांना लागू झाला. काळं भांडं उंबऱ्याच्या आत ठेवायचं नाही. देवमनने अकरा वर्षं हा नियम पाळला. मग ओळखीतून गुजरातेतल्या त्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला आणि दोन वर्षांत घासकामावर आला.

तिथे त्याने एक मोठी चूक केली, २०१२ साली. हेलियमच्या प्लाझ्मात बरेच तास ठेवलेला पहिलाच तुकडा बाहेर काढून त्याच्या टेबलावर ठेवला होता. सकाळी आरशासारखा गेलेला तुकडा काळाकुट्ट होऊन आला होता. कुणी काही सांगितलं नाही, त्याने काही विचारलं नाही. संध्याकाळी साडेपाचला तुकडा पुन्हा लख्ख होता.

ते काळं म्हणजेच प्रयोगाचं फळ होतं. हेलियम धातूत शिरतो, आत बारीक बुडबुडे धरतात आणि वरचा थर मखमलीच्या लवेसारखा उगवून येतो. ही लव इतकी नाजूक की बोट फिरवलं तरी जाते. तीन महिन्यांची तयारी एका फडक्यात गेली. प्रमुखांनी विचारलं तेव्हा खोलीत सात माणसं होती आणि पाहिलेलं कुणीच नव्हतं. देवमनने सांगितलं, मी पुसला. नोकरी राहिली. त्यानंतर काळ्या तुकड्यांच्या प्रत्येक डबीवर लाल कागद चिकटवायची पद्धत पडली. त्यावर लिहिलेलं असे: पुसू नका.

नोकरीची सगळी वर्षं देवमन प्रयोगशाळेने दिलेल्या खोलीत एकटा राहिला. बायको, तुळसाबाई, कामरगावात सासूसासऱ्यांपाशी राहिली. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर एकत्र राहायचं ठरलं होतं. तो निवृत्त होऊन परत आला, त्याच्या दीड वर्ष आधी ती वारली. घरातला पिठाचा पितळी डबा कुठे असतो, हे त्याला शेजाऱ्यांना विचारावं लागलं.

पार्सलं सुरू झाली ती पल्लवी मॅडममुळे. ही प्रयोगशाळेतली, मूळची अकोल्याची शास्त्रज्ञ. देवमनच्या हाताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतो, असं तिचं मत. तिने एक लहान फिरती चकती, पॉलिश पेपर आणि हिऱ्याची पेस्ट त्याच्याकडे पाठवून दिली. पार्सल पोचलं की एक फोन, परत मिळालं की एक फोन. देवमनच्या मोबाइलवर येणारे फोन बहुतेक हेच. बाकीचे कर्ज घेता का, असं विचारणारे.

या वर्षी जानेवारीत मॅडमचा फोन जरा जास्त वेळ चालला. प्रयोगशाळेने घासकामाचं स्वयंचलित यंत्र घेतलं होतं. ते एका वेळी सहा तुकडे धरतं. मग वाशीम जिल्ह्यात पार्सल कशाला पाठवायचं, असं वरून विचारलं गेलं होतं. तिने एक तोड काढली होती. सहा तुकडे देवमनने करायचे, सहा यंत्राने. बाराही तुकडे सारख्याच प्लाझ्मात जातील. देवमनचे सहाही टिकले तर पुढची तीन वर्षं काम त्याच्याकडे राहील. नाही तर हे पार्सल शेवटचं.

देवमनची तपासणीची रीत ठरलेली आहे. पाठीमागच्या भिंतीवर तारखांचं कॅलेंडर लावलेलं असतं. घासलेला तुकडा डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यात खांद्यावरून दिसणारं कॅलेंडर वाचायचं. आकडे उलटे दिसतात, त्याची सवय झालेली. तारखेखालची बारीक अक्षरातली तिथी वाचता आली की तुकडा झाला. जानेवारीत त्याने चार तुकडे केले. चारही वेळा तिथ्या वाचता आल्या.

एक फेब्रुवारीला त्याने पान उलटलं. पाचवा तुकडा त्याच दिवशी उतरला. त्यात तिथी दिसेना. नुसते आकडे दिसत, तेही पाण्यात भिजल्यासारखे. तुकडा पुन्हा चकतीवर गेला. दुसऱ्या दिवशी तेच. पेस्ट बदलली, चकतीवरची मखमल बदलली, चकती धुतली. चार दिवस असे गेले. या चार दिवसांत तो चुलीपाशी उभ्यानेच जेवला आणि कुणाशी एक शब्द बोलला नाही. बोलायला कुणी आलंही नाही.

पाचव्या दिवशी तो तुकडा रुमालात गुंडाळून इंदरचंद शेठच्या दुकानात गेला. शेठ आता ब्याऐंशीचे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. दुकान त्यांचा मुलगा बघतो आणि शेठ दारातल्या खुर्चीवर बसून रस्ता बघतात. देवमनने तुकडा त्यांच्या हातात दिला आणि त्यात मागच्या पाटीवरचं काय वाचता येतं ते विचारलं.

शेठने तुकडा वर धरला. पाटीवरचं दुकानाचं नाव त्यांनी वाचलं, खालचा फोन नंबर शेवटच्या आकड्यापासून वाचला, आणि कोपऱ्यातलं रंगाऱ्याचं नावही वाचलं.

"आरसा हाय हा. तुले काय पाहिजे अजून?"

"मले दिसत नाही, शेठ."

शेठने तुकडा खाली घेतला आणि देवमनचा चेहरा उजेडाकडे वळवला. स्वतःची डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरने जसं पाहिलं होतं, तसं त्यांनी एकेक डोळा पाहिला.

"मोतीबिंदू पिकून राह्यला तुया. गुजरातवाल्याईले भांडं घासून देतं अन् सोताचं बूड पाहत नाही का, लेका?"

जानेवारीत तिथ्या दिसल्या नव्हत्या, हे देवमनच्या तेव्हा लक्षात आलं. महिनाभर डोळ्यांसमोर असलेलं पान त्याला पाठ झालं होतं. तो वाचत नव्हता, आठवत होता. चारही तुकडे बरोबर झाले असतील तर ते हाताने केले होते, डोळ्याने नाही.

पण पाचव्याचं नुकसान झालं होतं. तो तुकडा पहिल्याच दिवशी तयार होता. नंतरच्या चार दिवसांच्या घासण्याने त्याची एक कड गोल झाली होती. नख फिरवल्यावर ती लगेच कळली. भट्टीच्या भिंतीत कडेलाच सगळ्यात जास्त मार बसतो. तुकडा सपाट नसला तर झोत जिथे पडायचा तिथे पडत नाही.

नवीन तुकडा मागता आला असता. पण त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं, आणि यंत्रालाही सहाच मिळाले होते. गप्प राहून सहाही पाठवता आले असते. कडेची गोलाई नुसत्या डोळ्याने कुणाला दिसणारी नव्हती, आणि चीर गेलीच तर टंगस्टन ठिसूळ असतो, हे सगळेच जाणतात. दोष धातूवर गेला असता. देवमन दोन दिवस थांबला. सहावा तुकडा त्याने डोळे मिटून, फक्त नखाच्या अंदाजाने केला. मग डब्यात चिठ्ठी टाकली: पाच नंबरची कड गेली आहे. तुकडा चांगला होता. डोळा माझा खराब आहे.

मॅडमचा फोन मार्चच्या शेवटी आला. बाकीचे पाच तुकडे आणि यंत्राचे सहा यांच्यात फरक सापडला नव्हता. सगळ्यांवर सारखीच लव उगवली होती. पाचव्याची कड झिजली होती आणि तिथून एक चीर आत गेली होती. चिठ्ठी नसती तर ही चीर अहवालात धातूचा दोष म्हणून गेली असती आणि पुढचे लोक त्या चुकीच्या मागे लागले असते, असं तिने सांगितलं. हे वरच्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी मान्य केलं आणि काम यंत्राला दिलं.

देवमनने एवढंच विचारलं, "म्हंजे बाकीचे पाच बरोबर होते?"

"यंत्राइतकेच, काका."

"मंग ठीक हाय, मॅडम."

पाचव्या तुकड्याचा प्रयोगशाळेला उपयोग नव्हता. तुम्हाला पाठवू का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. एप्रिलमध्ये पार्सल आलं. या वेळी ते हलकं होतं. आत एकच डबी, वर लाल कागद.

ती डबी घेऊन तो शेठकडे गेला. ऊन उतरलं होतं. शेठने झाकण उघडून काळा तुकडा पाहिला आणि मांडीवरचं फडकं उचललं.

"हात नका लावू, शेठ. त्याले काळंच राहू द्या."

"दिवस मावळून राह्यला ना."

"मावळू द्या."

शेठने फडकं परत मांडीवर ठेवलं. हा परत कधी द्यायचा आहे, असं त्यांनी विचारलं. आता कोणी मागणार नाही, असं देवमनने सांगितलं. शेठने मुलाला हाक मारून आतल्या फळीवर, लोट्यांच्या रांगेत जागा करायला सांगितली. देवमन नको म्हणाला आणि डबी घेऊन घरी आला.

डोळ्याच्या ऑपरेशनचा फॉर्म त्याने अमरावतीच्या दवाखान्यातून आणला आहे. तो भरलेला आहे. सोबत येणाऱ्या माणसाच्या नावाची जागा रिकामी आहे. तिथे माझं नाव लिही, असं शेठने दोनदा सांगून पाहिलं. दवाखान्याने साठीच्या आतलं माणूस मागितलं आहे.

चकतीवर त्याने कापड टाकून ठेवलं आहे. भिंतीवरचं पान अजून फेब्रुवारीचंच आहे. डबी टेबलावर असते, लाल कागदासकट. संध्याकाळी तो झाकण उघडतो. काळ्या तुकड्यात कॅलेंडर दिसत नाही. ते आता कुणालाच दिसणार नाही, त्याच्या डोळ्याचा तिथे संबंध नाही. तो झाकण लावतो आणि हात धुऊन स्वयंपाकाला लागतो.