मेजरच्या रोटाव्हेटरचं सील

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, लेथच्या दोन शेडच्या मधे, एका शटरचं दुकान आहे. पाटीवर 'हाफिज ऑइल सील अँड गॅस्केट' असं लिहिलंय. हाफिज मुल्ला जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान त्यांची मुलगी नूरजहां चालवते. नवरा सरफराज टेम्पो चालवतो आणि दुकानात फारसा फिरकत नाही. नव्या रबराच्या वासानं डोकं उठतं, असं त्याचं म्हणणं.

गिऱ्हाईक जुनं सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, काउंटरवर टाकून म्हणतं, "असलंच द्या." नूरजहां तसं देत नाही. आधी सीलवरचा आकडा वाचते. तो झिजला असेल तर व्हर्नियर लावून शाफ्टची जाडी, बसायच्या जागेचं माप आणि रुंदी काढते. मग विचारपूस सुरू होते. हे चालतं कशात, तेलात की पाण्यात? तापतं किती? बाहेरून धूळ, चिखल लागतो का? माप एकच असलं तरी साध्या तेलाला काळं रबर चालतं, जास्त तापणाऱ्या जागेला तपकिरी लागतं, आणि शेतातल्या यंत्राला दोन लिपचं द्यावं लागतं. लिप म्हणजे शाफ्टला टेकणारी रबराची पातळ कडा. आतली तेल धरते, बाहेरची चिखल अडवते.

यंत्राच्या दोन भागांमधे बसणारं पातळ गॅस्केट ती स्वतः कापते. खेड्यातले मिस्त्री अजूनही लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून काम भागवतात. नूरजहां त्यावर हसत नाही. पत्रिका पाण्याच्या पंपाला एक हंगाम काढते, गिअर बॉक्सला काढत नाही, एवढंच सांगते. हे सगळं तिला वडिलांनी शिकवलं. हाफिजभाई आधी लेथवर होते. सील कुठं फाटतं आणि का फाटतं, हे त्यांनी दुकान टाकण्याआधीच पाहिलेलं होतं.

गेल्या हंगामात या दुकानाचं नाव आष्ट्यात खराब झालं. ते केलं जोतीराम पाटलांनी.

जोतीराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गावच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना मेजरच म्हणतात. स्वतःचा ऊस आहे, शिवाय ट्रॅक्टर आणि त्यामागं माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर भाड्यानं चालवतात. रोटाव्हेटरच्या गिअर बॉक्सचं पुढचं सील गळायला लागलं म्हणून त्यांनी माणूस पाठवून नूरजहांकडून नवं नेलं. ते गळलं. दुसरं नेलं, तेही गळलं. तिसऱ्या वेळी नूरजहांनं दुसऱ्या कंपनीचं, महागातलं सील दिलं. ते बसवून मेजर एका शेतात गेले आणि तेलाची धार सोडत परत आले.

त्या संध्याकाळी आष्ट्याच्या पेट्रोल पंपावर डिझेलला ट्रॅक्टरांची रांग होती. मेजरांनी रांगेत उभं राहून सांगितलं, "कुपवाडच्या भाभीचं सील म्हंजे कुल्फी हाय. बसवलं की गळाय लागतं." रांग हसली. दोन आठवड्यांत नूरजहांच्या दुकानात आष्ट्याकडची गिऱ्हाइकं दिसेनाशी झाली. एक जुना मिस्त्री आला, तोही सील हातात फिरवत बराच वेळ उभा राहिला आणि माल खरा आहे ना, असं विचारून गेला.

गिऱ्हाईक कमी झालं हे तिला सोसलं असतं. पण पाटीवर वडिलांचं नाव होतं, आणि मेजर खोटं बोलत आहेत अशी तिची खात्री होत नव्हती. सील तिच्याच दुकानातलं होतं. पुरवठादारानं नकली माल गळ्यात मारला असेल तर आष्ट्याची रांग बरोबर हसली होती. तिनं दोन्ही कंपन्यांच्या खोक्यांतली उरलेली सीलं भिंगाखाली धरून पाहिली. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून ती स्कूटरवरून आष्ट्याला गेली.

मेजरांची वस्ती गावाबाहेर होती. अंगण झाडलेलं, अवजारं ओळीत लावलेली. रोटाव्हेटर तर नुकताच दुकानातून आणल्यासारखा दिसत होता, फक्त पुढच्या शाफ्टखाली तेलाचं थारोळं होतं. मेजरांनी या म्हटलं, पण खुर्ची दिली नाही. सील बसवणारा केरबा मिस्त्री तिथंच होता. तो आपल्यावर काय येतंय या विचारानं पान्हे पुसत बसला होता.

नूरजहांनं त्याला बसवण्याची पद्धत विचारली. केरबानं सांगितलं की शाफ्टच्या टोकाच्या दात्यांनी लिप कापू नये म्हणून दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला, लिपला तेल लावलं, दोन लिपच्या मधे ग्रीस भरलं, आणि हातोडा सीलवर न मारता पाइपच्या तुकड्यावर मारला. चूक काढायला जागा नव्हती. त्यानं काढलेलं तिसरं सील तिनं उन्हात धरलं. लिप शाबूत, स्प्रिंग जागेवर, रबर मऊ. शाफ्टवर नख फिरवलं. सील घासून खाच पडली असती तर नव्या सीलखालूनही तेल निघालं असतं, पण तशी खाच नव्हती. म्हणजे सील दिसायला चांगलं, बसवणं चांगलं, शाफ्ट चांगला, आणि तरी तेल बाहेर. आता नकली मालाशिवाय दुसरं कारण तिच्याकडे उरलं नव्हतं.

मेजरांची बायको चंद्राबाई चहा घेऊन आली. यंत्र किती स्वच्छ ठेवलंय, असं नूरजहां काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"स्वच्छ?" चंद्राबाई म्हणाली. "रोज सांजच्याला प्रेशरच्या पंपानं आंघोळ घालत्यात. नातवंडांना कवा घातली न्हाई."

नूरजहांनं कप खाली ठेवला आणि इतकं पाणी मारल्यावर आत जात नाही का, असं मेजरांना विचारलं. पहिल्यांदाच मेजरांचा चेहरा जरा सैल झाला. गेल्या साली गेलं होतं, तेल दुधासारखं पांढरं झालं होतं, असं ते म्हणाले. पण आता थेंब जात नाही. फौजेत गाडी नदीतून न्यायची असली की आधी गिअर बॉक्सचं हवेचं तोंड बंद करतात. तसंच त्यांनी इथं केलं होतं. गिअर बॉक्सच्या माथ्यावरची ब्रीदरची, म्हणजे त्या हवेच्या तोंडाची, छोटी टोपी काढून तिथं बोल्ट आवळला होता.

नूरजहांनं केरबाला सील परत बसवायला आणि तेल भरायला सांगितलं, मग मेजरांना शेजारच्या मोकळ्या रानात यंत्र चालवायची विनंती केली. बरंच चालल्यावर सील पाझरायला लागलं. तिनं ट्रॅक्टर बंद करायला लावला. गिअर बॉक्सला हात लावला तर चटका बसत होता. केरबानं तोंड बाजूला ठेवून वरचा बोल्ट सैल केला. प्रेशर कुकरसारखा फुस्स आवाज झाला आणि तेलाची वाफ उडाली.

तेल तापलं की आतली हवा फुगते. तिला वरून वाट नसेल तर ती सगळ्यात नाजूक जागेतून तेल ढकलत बाहेर पडते, आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सीलची लिप. हे मेजरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी आत जाऊन डब्यातली टोपी आणली आणि केरबाकडं दिली. ती बसवून पुन्हा यंत्र फिरवलं. तेच सील, तोच शाफ्ट. खाली थेंब नव्हता.

"नदी वलांडली की बोल्ट काढायचा असतो, व्हय ना मेजर?" केरबानं विचारलं.

"गप बस, गड्या," मेजर म्हणाले. मग त्यांनी झालेल्या त्रासाबद्दल वरकड पैसे नूरजहांपुढं धरले.

"पैसं नगोत," ती म्हणाली. "पंपावर बोललासा, तितंच सांगा."

मेजरांनी पैसे खिशात घातले. धुताना टोपीवर उलटा डबा ठेवा, एवढं सांगून ती निघाली.

पुढं थोड्या दिवसांनी आष्ट्याचा एक जण मेजरांनी नेलेलं तेच पस्तीस-बासष्ट-दहाच्या मापाचं सील मागायला आला. कुठं चालतं, असं नूरजहांनं नेहमीप्रमाणं विचारलं, तर त्यानंच तिला शिकवायला सुरुवात केली.

"भाभी, सील कितीबी चांगलं घ्या, वरचं ब्रीदर मोकळं पायजे बघा. न्हाईतर तुमचं सीलबी टिकायचं न्हाई. मेजरांनी शोधून काढलंय. पंपावर समद्यांना समजावत हुते."

आणखी काय म्हणाले मेजर, असं तिनं विचारलं.

"आन् काय? सील कुपवाडच्या भाभीचंच घ्या म्हणाले. त्येंनी तीन येळा तपासलंय म्हणं."

नूरजहांनं फळीवरून खोका काढला, सीलचं माप एकदा पडताळलं आणि ब्रीदर म्हणजे नक्की कुठं असतं, हे त्याला पुन्हा सांगू दिलं. मग तिनं शाफ्टवर खाच पडली आहे का, असं विचारलं. ते त्यानं पाहिलं नव्हतं. आधी बघून या, मग सील न्या, म्हणून तिनं खोका परत फळीवर ठेवला.