आवाजाचे शेंडे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या धाकट्या मामांचे. वाईजवळच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. दहावीनंतर मामांनी मला साताऱ्याला आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि पुढे सांगलीला इंजिनिअरिंगला घातलं. ते फौजेत वायरलेसवर होते. पेन्शनीत निघाल्यावरही त्यांचं बोलणं सेटवरच्यासारखंच राहिलं, एका पट्टीत, प्रत्येक शब्दाला सारखं वजन. मी पास झालो तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, तेव्हा त्याच सुरात "दूध गेलं" म्हणाले.

पुढे नव्वदच्या दशकात मी कुपवाडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागलो. पत्र्याची शेड, सोल्डरचा धूर, संध्याकाळपर्यंत चुरचुरणारे डोळे. आम्ही वायरलेस सेट बनवायचो. एका साखर कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या गावांतल्या आपल्या गट ऑफिसांसाठी सेट हवे होते. मालक मला म्हणाले, "हे काम बसलं नाही तर वायरलेस बंद. मी आपला पंपाचे स्टार्टर करीन, तुझं तू बघ." मला साताऱ्याच्या त्या दोन खोल्या दिसल्या. मामांसमोर रिकाम्या हातांनी जाऊन उभं राहायचं, एवढं एकच चित्र मला झोपू देत नव्हतं.

अडचण बॅटरीची होती. गट ऑफिसात विजेचा भरवसा नसे. सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाले आणि दुपार कलायच्या आत ती बसे. आमच्या सेटमधून बाहेर जाणारी शक्ती बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर चढे-उतरे. एखादा 'हॅलो' टिपेला जाई, बाकीचं बोलणं खाली रांगे. पण शेवटचा ॲम्प्लिफायर त्या एका 'हॅलो'च्या मापाने बांधावा लागे. घरात जेवणारी माणसं चार आणि चुलीवर रोज यात्रेचा हंडा, तसला प्रकार. भात मूठभर, जळण मात्र हंड्याचं. बरीचशी वीज ट्रान्झिस्टरमागची ॲल्युमिनियमची पाती तापवण्यातच जाई.

मी हंडाच लहान करायचं ठरवलं. त्यासाठी आवाजाचे शेंडे आधीच छाटायचे. लाट ठरावीक उंचीच्या वर गेली की कापायची, कापल्याने उठणारी खरखर फिल्टरने गाळायची आणि उरलेलं सगळं उचलून त्या उंचीच्या जवळ न्यायचं. मग लहान ॲम्प्लिफायर कायम भरल्या पोटी काम करतो आणि वीज वाया कमी जाते. ऐकायला सोपं आहे. त्यात माझा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गेला.

गळीत सुरू झाल्यावर कारखान्यात चाचणी लागली. बॅटरी दिवस मावळेपर्यंत टिकली. लांबच्या गटातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी घोळ झाला. त्या गटात एक चिटबॉय होते. चिटबॉय म्हणजे ऊसतोडीची नोंद ठेवणारा आणि गाड्या लावणारा कारखान्याचा माणूस. हे चांगले पन्नाशीचे होते. ते पुन्हापुन्हा आपल्या पाहुण्याच्या उसासाठी गाडी मागत होते. शेवटी कारखान्यातून शेती अधिकारी सेटवर ओरडले, "घाला की मग सगळ्या गाड्या पाव्हण्याच्याच फडात!"

चिटबॉयनी खरंच सगळ्या गाड्या पाहुण्याच्या फडात घातल्या. तोडून पडलेला बाकीचा ऊस दिवसभर बांधावर वाळत राहिला.

शेती अधिकाऱ्यांनी मालकांना आणि मला जीपमध्ये घालून गटावर नेलं. चिटबॉय कपाळाला हात लावून बसले होते.

"आवं साहेब, तुमचा सेट लय झ्याक. पन आमचं साहेब चिडल्यात का आज्ञा देत्यात, कायबी कळंना बगा."

"शब्द तर नीट ऐकू आले ना?"

"शब्द आलं हो! पन शब्दांवर कवा कोन चालतंय हितं? सायेब बोंबललं की समजायचं टोमणा हाय. हळू बोललं की समजायचं आता खरं. तुमच्या डब्यात बोंबबी तशीच न् हळूबी तसंच."

शेती अधिकारी मालकांना म्हणाले, "हा डबा न्या परत. माझ्या शिव्यासुद्धा भजनासारख्या ऐकू येतात."

 वर्कशॉपच्या दारात मालक एवढंच म्हणाले, "आठवडा देतो."

त्या आठवड्यात मी छाटणी थोडीथोडी कमी करत गेलो. कमी केली की बॅटरी लवकर बसे, वाढवली की माणूस सपाट होई. दोन्ही पदरात पडतील अशी जागा सापडली नाही, कारण ती नव्हतीच. शेवटी फक्त अगदी टोकाचे शेंडे कापले. बॅटरी चहाच्या वेळेपर्यंत टिकू लागली. पहिल्या सेटपेक्षा ते बरं होतं, मालकांनी कारखान्याला कबूल केलेल्या दिवसभरापेक्षा कमी.

पुन्हा चाचणी झाली. अधिकाऱ्यांनी चिटबॉयना सेटवरून मनसोक्त झापलं. पलीकडून उत्तर आलं, "व्हय साहेब, आता लागलं!" अधिकारी हसले आणि मालकांना म्हणाले, "घेतो. संध्याकाळसाठी दुसरी बॅटरी ठेवू."

मला आनंद व्हायला हवा होता. मी खोलीवर आलो आणि कपडे न बदलताच आडवा झालो. उठल्यावर हे लिहिलं.

"ती. मामांस,
सा. न. वि. वि.
कारखान्याने सेट घेतले. माझी नोकरी राहिली. दमलो आहे, पण तब्येत ठीक आहे, मामींना काळजी करू नका म्हणावं. काम मनासारखं झालं नाही, चालण्यासारखं झालं. तुम्ही शिकवलं नसतं तर एवढंही झालं नसतं, हे मी तोंडाने कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.
रविवारी सकाळी तुमच्या शेजारच्यांकडे फोन करीन, तुम्ही तिथे या. 'बरं झालं' एवढंच म्हणालात तरी चालेल. पण मामा, या खेपेला जरा जोरात म्हणा.
तुमचा भाचा"